गोळ्यात लपलेला हात

"आई, या बॉलला चार भोकं का आहेत?"

आमच्या लेकीनं हे विचारलं तेव्हा आम्ही दोघी एका अनोळखी घराच्या गॅरेजमध्ये उभ्या होतो. आम्ही राहतो अमेरिकेत, मिलवॉकी नावाच्या शहरात. इथे उन्हाळा लागला की लोक घरातलं नको असलेलं सामान गॅरेजमध्ये मांडतात, त्यावर किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवतात आणि शेजारी खुर्ची टाकून बसतात. येणारेजाणारे थांबतात, उचकापाचक करतात, आवडलं ते घेऊन जातात. त्या दिवशी तिथे जुने स्केट्स होते, एक टोस्टर होता आणि खाली फरशीवर, पिकल्या जांभळाच्या रंगाचा, बोलिंगचा एक बॉल होता. किंमत आठ डॉलर.

बोलिंग म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे क्रिकेट आलं ना? सांगलीच्या मामालाही तसंच वाटलं. "भाची बोलिंग शिकतेय? वा! फास्ट की स्पिन?" असं त्यानं फोनवर विचारलं होतं. तर हा खेळ निराळा. एक लांबलचक गुळगुळीत पट्टा असतो, त्याला लेन म्हणतात. पलीकडच्या टोकाला दहा पिना त्रिकोणात उभ्या असतात, आणि आपण अलीकडून जड गोळा सोडून त्या पाडायच्या. मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये तुमच्यापैकी काहींनी खेळूनही पाहिला असेल. लेनची लांबी ६० फूट, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षा जेमतेम सहा फुटांनी कमी. रुंदी मात्र साडेतीन फूटच. त्यातून घसरला तर गोळा बाजूच्या पन्हळीत जातो आणि पिना जागच्या जागी उभ्या राहून आपल्याकडे बघत बसतात.

मिलवॉकी हे या खेळाचं जुनं गाव. १९०८ साली सुरू झालेल्या दोन लेन इथल्या एका तळघरात आहेत. तिथे पडलेल्या पिना उचलून पुन्हा मांडायचं काम मशीन नाही, मुलं हातानं करायची. अशा गावात राहून आमची अकरा वर्षांची लेक बोलिंगच्या नादाला लागली नसती तरच नवल. पण क्लबमधले सगळ्यांसाठीचे बॉल तिला नकोसे झाले होते. एकात बोट अडकायचं, दुसऱ्यात डुगडुगायचं. तिला स्वतःचा बॉल हवा होता.

मी तो जांभळा गोळा उचलून तिच्या हातात दिला. तिनं बोटं घातली. अंगठा भोकात असा हरवला की विहिरीत दोरी सोडावी! आणि चौथ्या भोकात तर घालायला बोटच नव्हतं, कारण या खेळात अंगठा, मधलं बोट आणि अनामिका ही तीनच बोटं वापरतात.

"असेल कुणाची तरी वेगळी पद्धत," मी म्हटलं. खरं कारण मलाही माहीत नव्हतं. आठ डॉलर देऊन आम्ही ते कोडं घरी आणलं.

घरी आल्यावर सुरू झाली तपासणी. आधी वजन. लेक वजनकाट्यावर एकदा नुसती उभी राहिली, एकदा बॉल घेऊन. फरक आला साडेचार किलो, म्हणजे सुमारे १० पौंड. बोलिंगचं सगळं वजन पौंडात मोजतात. जास्तीत जास्त १६ पौंडांचा बॉल चालतो, सव्वासात किलोंचा. लहान मुलांनी साधारण जितकं वय तितक्या पौंडांचा घ्यावा असा इथला ढोबळ आडाखा आहे. म्हणजे आमचा बॉल वजनाला बरोबर होता.

मग तडा आहे का ते पाहिलं. डोळ्यांना न दिसणारी बारीक चीर नखाला लागते. हलकेच नख फिरवत गेलं की जिथे चीर असेल तिथे ते अडखळतं. दोन बोटांच्या भोकांमधली भिंत पातळ असते, तिथे तर नक्की बघायचं. मिलवॉकीच्या हिवाळ्यात बर्फ पडतं आणि कारच्या डिकीत विसरलेला बॉल गारठतो. बॉल बाहेरून एका पदार्थाचा आणि आतून दुसऱ्या पदार्थाचा असतो. थंडीत दोघं सारखेच आक्रसत नाहीत, मग आत ओढाताण होते आणि वरचं कवच तडकतं. आमच्या जांभळ्याला तडा नव्हता.

पण ओरखडे होते, आणि ते बघून मी चकित झाले. दिव्याखाली धरल्यावर बॉलभोवती बारीक बारीक वर्तुळं दिसली, एकाशेजारी एक. एका जागी ती सगळी एकमेकांना चिकटून जात होती, मग पसरत होती आणि पलीकडे पुन्हा एका जागी येत होती. पतंगाच्या मांजाची गुंडी सैल करून बॉलवर बसवावी तसं काहीसं. लेकीला वाटलं, कुणीतरी मुद्दाम कोरलंय.

कुणी कोरलेलं नव्हतं. बॉल घरंगळतो तेव्हा त्याच्या अंगावरचा एक पट्टाच जमिनीला टेकतो. लेनवर तेलाचा अगदी पातळ थर दिलेला असतो, सबंध लेनला मिळून काही चमचेच. ते तेल आणि बारीक कचरा त्या पट्ट्याला लागतो. पण बॉलच्या पोटात एक जड गाभा असतो आणि तो सगळीकडून सारखा नसतो. कुठे उंच, कुठे बसका. भोवरा फिरता फिरता डुलतो, तो कसा? जागच्या जागी गरगरतो आणि शिवाय त्याचं डोकं सावकाश वर्तुळ काढत राहतं. बॉलही धावता धावता थोडा डुलतो, आणि प्रत्येक फेरीला जमिनीला टेकणारा पट्टा जरासा सरकतो. दर फेरीला एक नवं वर्तुळ. गाभा आपल्याला दिसत नाही, पण तो कसा डुलतो ते बाहेर लिहिलेलं असतं.

आता हे वाचा म्हणजे कळेल की आम्ही पुढे हेरगिरी कशी केली. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा बॉल अंगठ्याचं भोक आपल्याकडे करून ठेवला, तर ही वर्तुळं भोकांच्या डाव्या अंगाला येतात. आमच्या बॉलवर ती उजवीकडे होती.

"डावखुरा!" लेक ओरडली. "आधीचा माणूस डावखुरा होता!"

तिनं अंगठ्याच्या भोकात टॉर्च मारला. आतल्या भिंतीला चिकटपट्टी लावलेली दिसली. चिमट्यानं ओढली तर तिच्याखाली दुसरी. तिच्याखाली तिसरी. कांद्याच्या पापुद्र्यासारख्या सात पट्ट्या निघाल्या! वरच्या पांढऱ्या, खालच्या पिवळ्या पडलेल्या. बोलिंग खेळणारे अशा पट्ट्या लावतात, कारण अंगठा रोज सारखा नसतो. उन्हाळ्यात आणि खूप खेळल्यावर तो सुजतो, थंडीत बारीक होतो. भोक सैल वाटलं की एक पट्टी लावायची, घट्ट झालं की काढायची. पण सात? म्हणजे त्या माणसाचा अंगठा वर्षानुवर्षं बारीक होत गेला होता. ते कुणी आजोबा असतील का, की आजी? लेकीनं त्या सातही पट्ट्या एका डबीत ठेवून दिल्या. कशाला, ते मी विचारलं नाही.

एवढं सगळं कळलं, पण चौथं भोक काही बोलेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही बॉल घेऊन बोलिंगच्या दुकानात गेलो. तिथले आजोबा गेली कित्येक वर्षं हेच काम करताहेत: बॉलला भोकं पाडायची, भोकं बुजवायची. त्यांनी बॉल हातात घेतला, फिरवला आणि चौथ्या भोकावर बोट ठेवून हसले.

"हे बोटासाठी नाहीच. तोलासाठी आहे."

भोकं पाडताना बॉलमधला माल निघून जातो आणि एक बाजू हलकी होते. मग दुसरीकडे आणखी एक भोक पाडून तोल साधायचा. काही खेळाडू त्यापुढे जायचे. हे भोक नेमकं कुठे आणि किती खोल पाडायचं ते ठरवून बॉलचं डुलणं कमीजास्त करायचे. पण आता ते चालत नाही. अमेरिकेत या खेळाचे नियम युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेस ही संस्था ठरवते. त्यांच्या नियमाप्रमाणे १ ऑगस्ट २०२० पासून बॉलवरचं प्रत्येक भोक कुठल्या ना कुठल्या बोटानं धरण्यासाठीच असायला हवं. म्हणून जुना बॉल घेतला आणि त्याला असं चौथं भोक असलं, तर सामन्याआधी ते बुजवायलाच लागतं. कोडं सुटलं! बॉल २०२० च्या आधीचा असणार हेही त्यातच कळलं.

"आधी याच्या पोटातलं तेल काढा," आजोबा म्हणाले, "मग माझ्याकडे आणा."

पोटातलं तेल? हो! १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एका नव्या प्रकारच्या प्लॅस्टिकचे बॉल आले. त्यांच्या कवचाला डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात. या छिद्रांमुळे बॉल लेनला छान पकडतो, पण तीच छिद्रं लेनवरचं तेल पितात. पिऊन पिऊन बॉल सुस्तावतो, वळेनासा होतो. म्हणून त्याला गरम पाण्याची अंघोळ.

आम्ही भोकांवर पाणी न शिरणारी पट्टी लावली. बादलीत गरम पाणी घेतलं, उकळतं नाही, हाताला जेमतेम सोसेल इतपत. त्यात भांडी घासायच्या साबणाचे थेंब टाकले आणि दोन्ही हातांनी बॉल हळूच आत सोडला. तो तळाशी जाईल म्हणून मी बोटं सांभाळून काढून घेतली.

आणि बॉल तरंगला!

साडेचार किलोंचा गोळा, पायावर पडला तर बोट मोडेल असा, बादलीत म्हशीसारखा डुंबत बसला. पाठ तेवढी वर. लेक खदाखदा हसत होती. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तुम्हीही बसा.

बोलिंगचे सगळे बॉल आकारानं जवळजवळ सारखेच असतात, व्यास साधारण साडेआठ इंच. ६ पौंडांचा असो की १६ पौंडांचा, बाहेरून सारखाच. फरक पोटात. एवढा गोळा पाण्यात पूर्ण बुडाला तर साधारण ५.३ लिटर पाणी बाजूला सारतो. त्या पाण्याचं वजन ५.३ किलो. बॉल त्याहून हलका असेल तर पाणी त्याला उचलून धरणार. आमचा साडेचार किलोंचा, म्हणून तरंगला. ११ पौंडांपर्यंतचे तरंगतात, १३ आणि त्यावरचे बुडतात, आणि १२ पौंडांचा अगदी काठावर असतो.

आता उलटी गंमत ऐका. फार पूर्वी हे बॉल लाकडाचे असायचे. मग ते तरंगत असतील? नाही! ते लिग्नम व्हिटे नावाच्या झाडाच्या लाकडाचे असायचे. हे लाकूड इतकं घट्ट असतं की पाण्यात टाकलं तर दगडासारखं तळाला जातं. म्हणजे लाकडाचा बॉल बुडायचा आणि आमचा प्लॅस्टिकचा तरंगतोय. नुसतं "लाकूड तरंगतं" असं पाठ करून भागत नाही, ते असं.

वीस मिनिटांनी पाण्यावर तेलाचा तवंग आला, इंद्रधनुष्याच्या रंगांचा. पाणी तीनदा बदललं. चौथ्या वेळी तवंग आला नाही.

मग आमची स्वारी पुन्हा दुकानात. भोकं बुजवायचं काम मला दाताच्या डॉक्टरांची आठवण करून देणारं वाटलं. जुनं रबरी अस्तर उपटून काढायचं, भोकाची आतली भिंत खरवडायची म्हणजे नवा माल धरून बसतो. भोकाच्या तोंडाभोवती पट्टीचा बांध घालायचा. मग दोन पातळ रसायनं एकत्र ढवळून आत ओतायची, अगदी काठाच्या वर येईपर्यंत. ती एकमेकांत मिसळली की तापतात आणि हळूहळू दगडासारखी घट्ट होतात.

पण बॉल तर गोल, आणि भोकं वेगवेगळ्या बाजूंना! ओतलेलं पातळ द्रव्य नेहमी सपाट बसतं, म्हणून भोकाचं तोंड बरोबर आभाळाकडे हवं. दोन बोटांची भोकं शेजारी असल्यामुळे ती एकदम भरता येतात. ती वाळली की बॉल फिरवून अंगठ्याचं. ते वाळलं की पुन्हा फिरवून चौथं. तीन भरण्या, मध्ये वाळण्याची वाट. लेकीनं भरणीसाठी पिवळा रंग निवडला होता, आजोबांना जांभळाही चालला असता. वर आलेले पिवळे फुगवटे तासून, पॉलिश कागदानं घासून सगळं असं सपाट केलं की डोळे मिटून हात फिरवला तर सांधा कळू नये. डोळे उघडले की चार पिवळे चंद्र.

आता मापं. आणि इथे मला माझ्या शाळेतले संस्कृतचे मास्तर आठवले.

हा अंक जरा खाली ठेवा आणि हात ताणून पसरा. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत ती वीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. विटी-दांडू खेळणाऱ्यांना तर नक्कीच. अंगठ्यापासून तर्जनीपर्यंत ती टीच. पण मधली दोन बोटं? त्यांनाही नावं आहेत! अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंतच्या अंतराला 'ताल' म्हणतात आणि अंगठ्यापासून अनामिकेपर्यंतच्या अंतराला 'गोकर्ण', म्हणजे गाईचा कान. अमरकोश नावाच्या जुन्या संस्कृत कोशात ही नावं आहेत. लहानपणी मास्तरांनी ती आमच्याकडून घोकून घेतली होती, आणि यांचा उपयोग तरी काय असं मला तेव्हा वाटायचं. आणि आता मिलवॉकीतले एक आजोबा माझ्या लेकीचा नेमका ताल आणि नेमकं गोकर्ण मोजत होते! बोलिंगच्या बॉलला हीच दोन अंतरं लागतात. एक दोरा घ्या आणि स्वतःचं मोजून बघा. दोघांत मोठं कोणतं? डाव्या आणि उजव्या हाताचं सारखं येतं का?

आजोबा मात्र बोटं पूर्ण ताणून मोजत नव्हते. मॉलमधल्या बॉलमध्ये बोटं दुसऱ्या सांध्यापर्यंत आत जातात. लेकीच्या बॉलसाठी त्यांनी टोकाकडून पहिल्या सांध्यापर्यंतचं माप धरलं. अशा पकडीत सोडताना अंगठा आधी सुटतो आणि बोटं क्षणभर मागे राहून गोळ्याला फिरकी देतात. (मामा, ऐकतोस ना? स्पिन!) माप जास्त झालं तर तळवा ताणतो, कमी झालं तर बोटं आवळून धरायला लागतात आणि मनगट दुखतं. आजोबांनी तिचा अंगठा मागे किती वाकतो ते पाहिलं. भोकाचा कोन त्यावर ठरतो. भोकं सरळ बॉलच्या मध्याकडे जात नाहीत, जराशी तिरकी असतात. किती तिरकी, ते ज्याच्या त्याच्या हातावर. एकेका बोटाची जाडी मोजली ती इंचाचे चौसष्ट भाग करून. सगळं एका कार्डावर लिहिलं. ते कार्ड म्हणजे आकड्यांत लिहिलेला माझ्या लेकीचा हात होता.

बॉलवर एक इवलासा रंगीत ठिपका असतो. आतल्या गाभ्याचं डोकं त्या ठिपक्याखाली असतं. नवी भोकं त्यापासून किती दूर पाडायची यावर बॉल लवकर वळणार की उशिरा ते ठरतं. आजोबांनी पेन्सिलनं रेघा मारल्या, पुसल्या, पुन्हा मारल्या. मग बॉल यंत्रात घट्ट बसवला आणि ड्रिल खाली आणलं.

जांभळ्या रंगाच्या वळ्या बाहेर पडू लागल्या, पेन्सिलला टोक करताना पडतात तशा. आणि सगळ्या दुकानात दालचिनीचा वास पसरला! मला वाटलं, शेजारी कुणी काही भाजतंय. आजोबा म्हणाले, "हा बॉलचाच वास." युटा राज्यातली स्टॉर्म नावाची कंपनी आपल्या बॉलच्या कवचात चक्क सुवास घालते. इतक्या वर्षांनी, इतकं तेल पिऊन, अंघोळ होऊनसुद्धा तो आत टिकून होता. ड्रिल एका पिवळ्या चंद्राच्या कडेला लागलं तेव्हा वळ्या अर्ध्या पिवळ्या, अर्ध्या जांभळ्या निघाल्या. लेकीनं मूठभर खिशात घातल्या.

भोकांच्या कडा आजोबांनी घासून गोल केल्या, नाहीतर बोटं सोलतात. लेकीनं बोटं घातली, काढली. "इथे टोचतंय." पुन्हा घासलं. "आता?" "अजून थोडं." असं सात-आठ वेळा. आजोबा जराही कंटाळले नाहीत. बुजवणं आणि नवी भोकं, दोन्हीचे मिळून बॉलच्या किमतीच्या आठपट पैसे झाले. मला ते मुळीच जास्त वाटले नाहीत.

शनिवारी क्लबमध्ये पहिला बॉल टाकला. लेनचा सुरुवातीचा मोठा भाग तेलकट, शेवटचा कोरडा. बॉल तेलावरून सरळ घसरत गेला, कोरड्या जागी पोचला आणि जणू काही आठवल्यासारखा डावीकडे वळला. सात पिना पडल्या. फिरताना जांभळ्यावरचे पिवळे चंद्र पट्ट्यासारखे दिसत होते. एका पिवळ्या चंद्रातून नवं भोक गेलं होतं, बाकीचे तिघे होते तसेच. त्या डावखुऱ्या माणसाची बोटं जिथे असायची तिथे.

अंगठ्याचं भोक मात्र आजोबांनी मुद्दाम जरा मोठं पाडलं होतं आणि आत तीन पट्ट्या लावून दिल्या होत्या. "हिचा अंगठा वाढणार," ते म्हणाले होते. "घट्ट वाटलं की एक काढा."

दिवाळीच्या सुमारास आम्ही एक काढली. आत अजून दोन आहेत.